गाडीला ताप आला, कुरतू खरं सांगेना

ठिप. ठिप. ठिप.

निळ्या गाडीचं पाणी सांडलं.
थेंब थेंब करत सगळं सांडलं.
टाकी रिकामी झाली.

कोणी सांडलं?
कुरतूनं सांडलं.

कुरतू म्हणजे एक उंदरीण. एवढीशी. अंगठ्याएवढी. शेपटी मात्र लांबच लांब. ती निळ्या गाडीच्या पोटात राहायची. तिथं छान ऊब असते ना, म्हणून.

आज सकाळी कुरतूचे दात शिवशिवले. समोर काळी नळी होती. रबराची. मऊ मऊ. त्या नळीतून गाडीचं पाणी फिरतं. पाणी फिरलं की गाडी गार राहते. कुरतूला हे कुठं ठाऊक?

कुर्रुम कुर्रुम. कुर्रुम कुर्रुम.

नळीला भोक पडलं.
ठिप. ठिप. ठिप.

"अगं बाई!" कुरतू म्हणाली.
पंजानं भोक झाकलं. पाणी थांबेना.
शेपटीनं भोक झाकलं. पाणी थांबेना.
मग कुरतू पळाली. सीटखाली जाऊन लपली.

निळी गाडी होती कुमुदताईची. कुमुदताई दवाखान्यातली नर्स. तिला वरच्या वाडीतून निरोप आला.
"बाळाला ताप आलाय! लवकर ये!"

ताईनं औषधाची पेटी घेतली. गाडी सुरू केली.
घर्र घर्र. घर्र घर्र.
भुऱ्या कुत्रा मागं धावला. भुऱ्या रोज गाडीखाली झोपायचा. गाडी निघाली की मागं धावायचा.

गाडी चिंचेच्या झाडापर्यंत गेली. गाडी किती तापली ते सांगणारा काटा वर चढला. अजून वर चढला. लाल रेघेवर गेला.
फुस्सऽऽऽ!
पांढरी पांढरी वाफ आली. गाडी थांबली.

ताई खाली उतरली.
"गाडीलाही ताप आला! आता हात नाही लावायचा. भाजेल. आधी गार होऊ दे."

ताई थांबली. गाडी जराशी निवली. ताईनं पुढचं झाकण वर केलं. आत वाकून बघितलं. रबराचे काळे काळे कण पडले होते.

"हे कोणी कुरतडलं?" ताई म्हणाली. "गाडीखाली कोण झोपतं? भुऱ्या!"

भुऱ्या शेपटी हलवत आला.

"शी भुऱ्या! लाज नाही वाटत? तिकडं बाळ तापलंय, आणि तू गाडी कुरतडतोस? जा इथून!"

भुऱ्याची शेपटी थांबली. त्याचे कान पडले. तो निघून गेला. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

कुरतू सीटखालून बघत होती.
"भुऱ्यानं नाही. मी." असं तिला म्हणायचं होतं.
तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही.
लाज वाटली. खूप लाज वाटली.

वाडी तर लांब. रस्ता चढाचा. पेटी जड. ताई चिंचेखाली बसून राहिली.

कुरतूनं विचार केला. "गाडी चालली की झालं. मग कोणी काही विचारणारच नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, कुरतू गेली गाडीच्या नाकापाशी.

"गाडी गाडी, चाल ना!"
"का गं?"
"ताई पोचेना,
बाळाचा ताप उतरेना!"

गाडी म्हणाली, "मी नाही चालणार. आधी हापसा पाणी देईल, मग मी चालेन. पण काय गं, माझं पाणी गेलं कुठं?"

कुरतूचे कान पडले. कुरतूची मान खाली.
"सांडलं," म्हणाली.
कोणी सांडलं, ते नाही म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, कुरतू गेली हापशाकडे.
हापसा उभा होता. उंच उंच. खटक खटक.

"हापसेदादा, हापसेदादा, पाणी दे ना!"
"का गं?"
"गाडी चालेना,
ताई पोचेना,
बाळाचा ताप उतरेना!"

हापसा म्हणाला, "मी नाही पाणी देणार. गाडी गळकी. ओतलं तेवढं सांडेल. आधी कासम मिस्त्री भोक बुजवतील, मग मी पाणी देईन. पण काय गं, भोक पाडलं कोणी?"

कुरतूचे कान पडले. कुरतूची मान खाली.
"पडलं," म्हणाली.
कोणी पाडलं, ते नाही म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु, कुरतू गेली कासम मिस्त्रींकडे.
मिस्त्री पाना घेऊन बसले होते. ठक ठक. ठक ठक. हात काळे, दाढी पांढरी.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, भोक बुजवा ना!"
"का गं बेटा?"
"हापसा पाणी देईना,
गाडी चालेना,
ताई पोचेना,
बाळाचा ताप उतरेना!"

मिस्त्री म्हणाले, "नवी टाकी घातली तर फार महाग पडेल. ताईला परवडायचं नाही. नळी फाटली असेल, तर जुन्या नळीचा एवढासा तुकडा पुरे. आधी तानूमावशी नळी देईल, मग मी भोक बुजवीन. पण काय गं, हे केलं कोणी?"

कुरतूचे कान पडले. कुरतूची मान खाली.
"झालं," म्हणाली.
कोणी केलं, ते नाही म्हणाली.

मिस्त्री म्हणाले, "ताई भुऱ्याला ओरडली, ते इथवर ऐकू आलं. भुऱ्यानं केलं, खरं का गं?"
कुरतूचे कान गरम झाले. नाक गरम झालं. शेपटीच्या टोकापर्यंत लाज वाटली.

तुरुतुरु तुरुतुरु, कुरतू गेली तानूमावशीकडे.
तानूमावशी भंगारवाली. तिच्या दारात हा एवढा ढीग! पत्रे, डबे, चाकं, नळ्या. खडाम खुडुम. खडाम खुडुम.

"तानूमावशी, तानूमावशी, नळी दे ना!"
"का गं?"
"मिस्त्री भोक बुजवेनात,
हापसा पाणी देईना,
गाडी चालेना,
ताई पोचेना,
बाळाचा ताप उतरेना!"

मावशी म्हणाली, "नळी आहे गं. चांगली आहे. पण ती ढिगाखाली, आणि ढिगावर भुऱ्या बसलाय. उठतच नाही. बोलावलं तर बघत नाही. भाकरी दिली तर खात नाही. आधी भुऱ्या उठेल, मग मी नळी देईन. पण काय गं, त्याला झालंय तरी काय?"

कुरतूचे कान पडले. कुरतूची मान खाली.
"रुसलाय," म्हणाली.
का रुसलाय, ते नाही म्हणाली.

आता कुरतूचे पाय तुरुतुरु चालेनात.
एक पाऊल. थांबली.
दुसरं पाऊल. थांबली.
कुरतू ढिगावर चढली.

भुऱ्या तोंड फिरवून बसला होता. नाक दोन पायांत खुपसलेलं.

"भुऱ्यादादा, भुऱ्यादादा, ऊठ ना!"
"का?"
"मावशी नळी देईना,
मिस्त्री भोक बुजवेनात,
हापसा पाणी देईना,
गाडी चालेना,
ताई पोचेना,
बाळाचा ताप उतरेना!"

भुऱ्या म्हणाला, "मी नाही उठणार. ताई मला शी म्हणाली. जा म्हणाली. मी नळी नाही चावली. ज्यानं चावली, त्यानं आधी ताईला खरं सांगावं. मग मी उठेन."

झालं!
आता कुणाकडे जायचं?
ज्यानं नळी चावली, त्याच्याकडे.
आणि नळी चावली होती कोणी?
ती तर इथंच उभी होती. ढिगावर. भुऱ्याच्या शेपटीपाशी.

कुरतूचे कान पडले. कुरतूची मान खाली.
पण या वेळी ती बोलली. अगदी हळू बोलली.

"भुऱ्यादादा. नळी मी चावली."

भुऱ्यानं डोळे उघडले.
"तू?"
"मी."
"मग ताई मला ओरडली, तेव्हा का नाही बोललीस?"
"लाज वाटली."

भुऱ्यानं नाक पायांतून वर काढलं. मग म्हणाला, "मला पण वाटली. मी काही केलं नव्हतं. तरी वाटली."

कुरतूच्या डोळ्यांत पाणी आलं. ठिप. ठिप.
"चुकलं माझं, भुऱ्यादादा. तू पण चल ना ताईकडे. मला एकटीला भीती वाटते."
"नाही," भुऱ्या म्हणाला. "तू सांग."

कुरतू ढिगावरून उतरली.
मावशीचं दार मागं गेलं. मिस्त्रींचं दुकान मागं गेलं. हापसा मागं गेला.
एक पाऊल. एक पाऊल. एक पाऊल.
आलं चिंचेचं झाड.

ताई पेटी मांडीवर घेऊन बसली होती. सारखी डोंगराकडे बघत होती.
कुरतू ताईच्या चपलेवर चढली.

"ताई."
ताईनं खाली बघितलं. "कोण गं तू?"
"मी कुरतू. तुझ्या गाडीत राहते."
"काय झालं गं? थरथरतेस का?"

कुरतूनं डोळे मिटले. आणि सगळं एका दमात सांगितलं.

"कुरतू खरं सांगेना,
भुऱ्या उठेना,
मावशी नळी देईना,
मिस्त्री भोक बुजवेनात,
हापसा पाणी देईना,
गाडी चालेना,
ताई पोचेना,
बाळाचा ताप उतरेना!
नळी मी चावली, ताई. भुऱ्यानं नाही. मी."

कुरतू वाट बघत राहिली. आता ताई शी म्हणणार. आता ताई जा म्हणणार.

पण ताईचीच मान खाली गेली.

"मी बघितलं नाही, विचारलं नाही," ताई म्हणाली. "आणि भुऱ्याला बोलले. माझंही चुकलं गं, कुरतू."

ताईनं कुरतूला तळहातावर घेतलं. अलगद खिशात ठेवलं. आणि ताई भराभर चालू लागली.
झपझप. झपझप.

ताई ढिगापाशी आली. खाली बसली.
"भुऱ्या, तू काही केलं नव्हतंस. मी उगीच ओरडले. माझं चुकलं रे."

भुऱ्यानं एक डोळा उघडला.
मग दुसरा उघडला.
मग अंग झाडलं. फडफडफड!
भुऱ्या उठला!

भुऱ्या उठला, तशी मावशी धावली. खडाम खुडुम. खडाम खुडुम. पत्रा उचलला. डबा सरकवला. चाक ढकललं. हात घातला खोल खोल.
"ही बघ नळी!"

ताई, मावशी, भुऱ्या आणि खिशातली कुरतू मिस्त्रींकडे गेली. मिस्त्री नळी घेऊन गाडीपाशी आले. गाडी आता गारगार झाली होती.

मिस्त्रींनी वरून बघितलं. भोक दिसेना.
डावीकडून बघितलं. भोक दिसेना.
उजवीकडून बघितलं. भोक दिसेना.
"आता काय करायचं?" मिस्त्री दाढी खाजवत म्हणाले. "वरच्या नळ्या तर चांगल्या आहेत. टाकीच गळते की काय? मग नवीच आणावी लागेल."

ताईचा चेहरा उतरला.

"नको, चाचा!" खिशातून आवाज आला. "टाकी चांगली आहे. भोक कुठं आहे ते मला माहीत आहे."
"तुला कसं माहीत?"

कुरतूचे कान पडले. सगळे तिच्याकडे बघत होते.
"मीच पाडलं, चाचा."

कुरतू खिशातून उतरली. तुरुतुरु आत शिरली. खाली. अजून खाली. टाकीच्या मागं. तिथं एक वाकडी नळी होती.
"इथं!"

मिस्त्री गाडीखाली आडवे झाले. दिवा लावून बघितलं.
"अरे वा! हे तर नळीच्या टोकाला. एवढंसं! टाकीला काही झालं नाही."

मिस्त्रींनी फाटका तुकडा कापला. कच्च!
मावशीच्या नळीचा तुकडा बसवला. खुप्प!
वरून पट्टी आवळली. कर्र कर्र कर्र.
भोक गेलं!

भोक गेलं, तसा हापसा हसला.
खटक खटक. खळ्ळ खळ्ळ.
बादली भरली. ताईनं टाकीत पाणी ओतलं. गुडुप गुडुप गुडुप.

मग सगळे खाली वाकले. मिस्त्री वाकले, मावशी वाकली, ताई वाकली. भुऱ्यानं तर नाकच जमिनीला लावलं.
ठिप?
नाही.
ठिप ठिप?
नाही, नाही.
एकही थेंब नाही!

"बस गं ताई," मिस्त्री म्हणाले. "काट्यावर नजर ठेव. चढावर हळू जा."

घर्र घर्र. घर्र घर्र.
काटा वर चढला. मधोमध आला. आणि मधेच थांबला. शहाण्यासारखा.
गाडी चालली!

कुरतूनं खरं सांगितलं,
भुऱ्या उठला,
मावशीनं नळी दिली,
मिस्त्रींनी भोक बुजवलं,
हापशानं पाणी दिलं,
गाडी चालली,
ताई पोचली!

वरच्या वाडीत एका घराचं दार उघडं होतं. बाळाची आई दारातच उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. गाल लाल लाल. डोळे मिटलेले.

ताईनं बाळाला तपासलं. चमच्यानं औषध दिलं. कपाळावर ओली पट्टी ठेवली. एकदा ठेवली. पुन्हा ठेवली. पुन्हा ठेवली.

ताई उठली नाही. तिथंच बसली.
बाळानं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.
ताईनं कपाळाला हात लावला.
बाळाचा ताप उतरला!

आई खाली बसली. तिनं मोठ्ठा श्वास सोडला.
"किती वाट बघितली गं, ताई! आज एवढा उशीर का झाला?"

ताई म्हणाली, "अगं, आमची गाडी..."

तेवढ्यात खिशातून दोन कान वर आले. एवढेसे.

"माझ्यामुळे," कुरतू म्हणाली. "मी गाडीची नळी चावली. पाणी सांडलं. म्हणून ताईला उशीर झाला."

या वेळी कोणी तिला विचारलं नव्हतं. कोणी तिला सांग म्हणालं नव्हतं. तिची तीच बोलली.

कान थोडे पडले. पण मान खाली गेली नाही.

आईनं कुरतूकडे बघितलं.
मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

कुरतूनं मान हलवली. नाही.

आई चुलीपाशी गेली. टोपलीतून भाकरी काढली. एक तुकडा मोडून कुरतूसमोर ठेवला. गरम गरम.

भुऱ्या दाराबाहेर बसला होता. गाडीमागं धावून धावून त्याची जीभ बाहेर आली होती.

कुरतूनं तुकड्याचे दोन भाग केले. एक मोठा. एक छोटा.
मोठा भाग ओढत ओढत दाराबाहेर नेला. भुऱ्यापुढं ठेवला.

भुऱ्या अजून थोडासा रुसलेला होता. त्यानं तोंड फिरवलं.
पण भाकरीचा वास आला.
भुऱ्यानं हळूच तोंड वळवलं.
आणि भाकरी खाल्ली.

ताप गेला डोंगरापार,
गोष्ट इथं झाली गार!